दम आधी की भीती आधी? सीओपीडीच्या पेशंटसाठी घरच्यांनी काय, कोणत्या क्रमाने करायचं

मी फुप्फुसाच्या पेशंटना व्यायाम शिकवते. औषधं बरोबर चालू असतात, डॉक्टर चांगले असतात, घरचे जीव तोडून करत असतात आणि तरी माणूस सहा महिन्यांत पलंगाला खिळतो, असं इतक्या घरांत बघितलंय की आता सरळ लिहूनच काढते. बहुतेक वेळा गडबड क्रमात असते. आधी झोपेची गोळी, मग पूर्ण आराम, मग ऑक्सिजन मशीन आणि सगळ्यात शेवटी, तेही जमलं तर, चालणं आणि मनाचं बोलणं. हा क्रम जवळजवळ उलटा करायचा आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, ती आधी समजून घ्या. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. त्यात हवा आत जाते पण बाहेर पडायला वेळ लागतो. माणूस घाबरला की श्वास भरभर होतो, आधीची हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो, छाती अर्धवट भरलेलीच राहते आणि मग आत घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून वाटतं "श्वासच घेता येत नाहीये", म्हणून अजून घाबरायला होतं, म्हणून श्वास अजून जलद. भीतीने दम खरोखरच वाढतो. "हे सगळं मनाचे खेळ आहेत" असं पेशंटला म्हणू नका, ते खोटं पण आहे आणि त्याने काही फायदाही होत नाही.

## पायरी १ : तयारी, म्हणजे एक वही आणि एक डॉक्टर व्हिजिट

कुठलाही व्यायाम सुरू करायच्या आधी छातीच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या आणि हे विचारून या : स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसाची टेस्ट, झालीय का (नुसत्या एक्स-रेवर सीओपीडी ठरत नाही), हार्ट तपासलंय का, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलंय का. रक्त कमी असलं तरी धाप लागते, थायरॉइड बिघडला तरी छातीत धडधडतं, आणि आपण बसतो "टेन्शन घेतात हो फार" म्हणत.

तिथेच अजून दोन आकडे लिहून घ्या. एक, ऑक्सिमीटरवर किती खाली आलं की फोन करायचा. दोन, घरी ऑक्सिजन असेल तर तो किती लिटरवर आणि दिवसातून किती तास. हे दोन्ही तुमच्या पेशंटचे आकडे हवेत, व्हॉट्सॲपवर फिरणारे नकोत.

आता वही. सात दिवस पेशंटने (लिहिता येत नसेल तर सुनेने, नातवाने, कोणीही) रोज एवढंच लिहायचं : आज कोणतं काम टाळलं, आणि ते दम लागला म्हणून टाळलं की दम लागेल या भीतीने टाळलं. बस. आठवड्याने वही उघडली की बहुतेक घरांत धक्का बसतो. जिना दम लागला म्हणून सुटलेला असतो, पण भाजी आणणं, लग्नाला जाणं, देवळात जाणं, खालच्या कट्ट्यावर बसणं हे सगळं नुसत्या "रस्त्यात काही झालं तर" वर सुटलेलं असतं. पायरी ५ मध्ये परत मिळवायची आहे ती ही दुसरी यादी.

वहीच्या पहिल्या पानावर दमाची पातळी टाका. डॉक्टर एमएमआरसी नावाचं ० ते ४ चं माप वापरतात. ० म्हणजे फक्त जोराच्या कामाला दम, १ म्हणजे घाईने चालताना किंवा हलक्या चढाला, २ म्हणजे सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडणं किंवा आपल्या चालीने चालतानाही थांबावं लागणं, ३ म्हणजे शंभरेक मीटरवर किंवा काही मिनिटांत थांबावं लागणं, ४ म्हणजे कपडे बदलतानाही दम, घराबाहेर पडणंच बंद. तारीख घालून आकडा लिहा.

थांबा : पाय सुजलेत, थुंकीत रक्त येतंय, वजन झपाट्याने उतरतंय, गेल्या काही दिवसांत कफाचा रंग बदललाय किंवा ताप आहे, यातलं काहीही असेल तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर.

## पायरी २ : औषधं भीती वाढवतायत का ते बघा

ही पायरी लोक सरळ गाळतात. सालब्युटामॉलचा पंप, म्हणजे तो अस्थालिन वगैरे, गरजेपेक्षा जास्त वेळा मारला की हात थरथरतात, छातीत धडधडतं. डेरिफायलिनच्या जातीच्या गोळ्यांनी झोप उडते, बेचैनी येते. स्टेरॉइडच्या कोर्समध्ये माणूस चिडचिडा होतो, रात्री टक्क जागा राहतो. आता बघा, धडधड, थरथर, बेचैनी, झोप नाही, हे सगळं भीतीच्या झटक्यासारखंच दिसतं! मग पेशंटला वाटतं दम वाढला, तो अजून एक पफ मारतो, की परत धडधड.

म्हणून वहीत पफ मोजा. रोजचा पंप वेगळा आणि इमर्जन्सीचा पंप वेगळा, दोन्ही कोणते हे डब्यावर मार्करने लिहून टाका. इमर्जन्सीचा आकडा आठवड्याला वाढत चाललाय असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून कुठलंच औषध बंद मात्र करू नका.

"पंपाची सवय लागते" या समजामुळे रोजचा पंप अर्धवट घेणारे तर भरपूर आहेत. सवय लागत नाही. रोजचा पंप सोडला की दम वाढतो, आणि लोकांना वाटतं पंपाशिवाय जमत नाही म्हणजे सवय लागली.

तपासा : पेशंटला तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा, न शिकवता. गॅसवाला पंप असेल तर हलवून, आधी श्वास सोडून, मग सावकाश ओढत दाबायचा आणि जमेल तेवढा, दहा सेकंदांपर्यंत, श्वास धरायचा, स्पेसर (पंपाला पुढे लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) असेल तर उत्तमच. कॅप्सूलवाला रोटाहेलर असेल तर उलटं, जोरात आणि झटकन ओढायचा, आणि त्यात फुंकर मारायची नाही. दोन्ही एकाच पद्धतीने घेणारे लोक मी रोज बघते. स्टेरॉइडवाला पंप घेतला की चूळ भरायची.

## पायरी ३ : श्वास सोडायला शिका, तेही चांगल्या दिवशी

इथे घाई करू नका, कारण बाकीचं सगळं यावर अवलंबून आहे.

दम लागलेल्या माणसाला घरातले सगळे एकच सांगतात, "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या." छाती तर आधीच भरलेली आहे, अजून कुठे घेणार? त्याला सांगायचं असतं "सोडा".

पद्धत अशी. खुर्चीत बसायचं, खांदे खाली सोडायचे (कोणीतरी मागून हात ठेवून खांदे वर चढलेत का बघा, हमखास चढलेले असतात). नाकाने हळू श्वास घ्यायचा, मनात एक-दोन. मग ओठ गरम चहावर फुंकर मारताना करतो तसे करून सावकाश सोडायचा, एक-दोन-तीन-चार. जोर लावून पोट पिळायचं नाही, गाल फुगवायचे नाहीत, हवा आपली आपण जाऊ द्यायची. चार आकडे जमत नसतील तर तीन. घेण्यापेक्षा सोडणं लांब, एवढंच खरं महत्त्वाचं.

दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी पाचेक मिनिटं, आणि दम *नसताना*. टीव्ही बघताना चालेल. दोन आठवडे हे केलं की मग अडचणीच्या वेळी शरीराला ते आठवतं. झटका आल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलात तर पेशंट तुमचा हात झटकून टाकेल, आणि बरोबरच करेल तो. भजनाला बसणारे लोक यात पटकन तयार होतात, ओळ लांबवताना श्वास लांब सोडायची त्यांना सवय असते.

यातल्या नेहमीच्या चुका :

कपालभाती आणि भस्त्रिका. टीव्हीवर बघून सुरू करतात. भरभर श्वासाने हवा आत अडकते हे वर लिहिलंच आहे, तेव्हा सीओपीडीत हे स्वतःहून करू नका. श्वास कोंडून धरायचा कुंभक पण नको. योग करायचाच असेल तर फुप्फुसाच्या पेशंटना शिकवायचा अनुभव असलेल्या माणसाकडे, डॉक्टरांना विचारून.

तीन बॉलवालं मशीन. कोविडनंतर घराघरात पडलंय. ते मुळात ऑपरेशननंतर फुप्फुस उघडं राहावं म्हणून आहे, त्यात हवा *ओढायची* असते. दम लागलेला असताना ते हातात देणं म्हणजे मोठा श्वास घ्या म्हणण्यासारखंच झालं.

कागदी पिशवीत श्वास. सिनेमात दाखवतात. सीओपीडीत धोक्याचं आहे, अजिबात नाही.

तपासा : पेशंट बोलता बोलता, न आठवण करता, ओठांनी फुंकर घालत श्वास सोडायला लागला का? लागला की पुढे.

## पायरी ४ : झटक्याची रंगीत तालीम

आग लागल्यावर काय करायचं हे आधी ठरवतात तसं हे पण घरात आधी ठरवायचं. बोलणारा माणूस *एकच*. बाकीच्यांनी खोलीबाहेर. आठ जण भोवती उभे राहून "काय होतंय, काय होतंय" करायला लागले की धडधाकट माणूस पण घाबरेल.

१. जिथे आहे तिथेच थांबायचं. बसून पुढे झुकायचं, कोपर मांडीवर किंवा समोरच्या टेबलावर उशी घेऊन त्यावर. उभं असेल तर ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून पुढे वाकायचं. हात टेकले की खांद्या-मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. आडवं झोपवू नका.

२. वारा चेहऱ्यावर. छोटा हातातला बॅटरीचा पंखा नाक-गालांपाशी धरला की दम लागल्याची जाणीव खरंच कमी होते. छतावरचा पंखा लावून हे होत नाही. पंखा शंभर-दोनशे रुपयांना मिळतो, पिशवीत पण ठेवा.

३. बोलणाऱ्याने फक्त "सोडा... सावकाश सोडा..." म्हणायचं, स्वतः फुंकर घालून दाखवत. पहिले पाच-सहा श्वास आकडे मोजायला लावू नका, जसे होतील तसे होऊ देत, मग हळूहळू दोन-चारवर आणा. "घाबरू नका" म्हणून आजवर कोणाची भीती गेलेली मी पाहिली नाही.

४. डॉक्टरांनी सांगितला असेल तो इमर्जन्सी पंप, सांगितले असतील तेवढेच पफ, शक्यतो स्पेसरने.

५. ऑक्सिमीटर आता लावा, आधी नाही. बोट गरम, नेलपॉलिश नको, हात स्थिर, आणि आकडा ठरेपर्यंत थांबा.

ऑक्सिमीटरबद्दल थोडं जास्तच सांगते. दम आणि ऑक्सिजन या दोन गोष्टी एकत्र चालतीलच असं नाही, ९४ असताना जीव कासावीस होऊ शकतो आणि ८८ वर माणूस आरामात पेपर वाचत बसलेला असतो. दर दहा मिनिटांनी बोट घालून बघणारे पेशंट आहेत, एक आकडा उतरला की त्या आकड्यानेच दम लागतो. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी आणि झटक्यात एकदा, बाकी वेळ मशीन कपाटात.

सावधान : घरी ऑक्सिजन असेल तर घाबरून त्याचा लिटर वाढवू नका. ज्यांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो अशा सीओपीडीच्या पेशंटमध्ये डॉक्टर साधारण ८८ ते ९२ च्या मध्येच ऑक्सिजन ठेवतात. जास्त दिला तर माणूस सुस्त होत जातो आणि घरच्यांना वाटतं शांत झोप लागली.

१०८ ला फोन कधी : ओठ-नखं निळसर, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, गुंगी आलीय, बरळतायत, छातीत दुखून हात-जबड्याकडे जातंय, पंधरा-वीस मिनिटांत वरचं सगळं करून, पंप घेऊनही उतार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या आकड्याच्या खाली गेलंय. पहिल्या पाचांपैकी काही दिसलं तर पंधरा मिनिटं वाट बघायची नाही. "नेहमीचंच घाबरणं आहे" हे ठरवायचं काम घरच्यांचं नाही.

## पायरी ५ : सुटलेलं एक-एक परत घ्या

काम बंद केलं की पायांचे स्नायू जातात, स्नायू गेले की तेवढ्याच कामाला जास्त दम, मग अजून काम बंद. "तुम्ही बसा हो, आम्ही करतो" यात माया आहे, पण त्या मायेनेच माणूस वर्षभरात अंथरुणाला लागतो.

पल्मोनरी रिहॅब, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटसाठी देखरेखीखाली चालणारा व्यायामाचा कोर्स, जवळ असेल तर तिथेच जा, साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा असतं आणि दम, ताकद, चिंता, उदासी सगळ्यावर त्याचा फायदा होतो. मोठ्या शहरांच्या बाहेर ते सहसा मिळत नाही, म्हणून घरचं सांगते. हार्टची परवानगी मिळाली आहे ना, ते एकदा बघा.

चालणं : पेशंट आत्ता थांबल्याशिवाय जितकी मिनिटं चालू शकतो त्याच्या निम्म्याने सुरुवात. चार मिनिटं जमत असतील तर दोन. पॅसेजमध्ये, अंगणात, कुठेही. दम ० (अजिबात नाही) ते १० (असह्य) मध्ये मोजायला शिकवा, ३-४ पर्यंत लागू द्यायचा. चालताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर फारच हळू चाललंय. दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवा. थोडा दम लागणं हाच व्यायाम आहे, त्याने फुप्फुस फाटत नाही, हे पेशंटला दहादा सांगावं लागतं.

पायांसाठी खुर्चीतून उठा-बसा, उठताना श्वास सोडायचा. जिन्यावर पण तसंच, उभं राहून घ्यायचा, सोडत सोडत दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं.

आता अंघोळ. भीतीचे झटके इतके बाथरूममध्ये का येतात? दार बंद, कडी लावलेली, गरम पाण्याची वाफ, वाकून साबण, हात वर करून डोक्यावर पाणी. हात खांद्याच्या वर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू दुसऱ्या कामाला जुंपले जातात. तर प्लास्टिकचं स्टूल, कोमट पाणी, खिडकी उघडी, दार नुसतं लोटलेलं, तांब्या ऐवजी लांब दांड्याचा मग किंवा हँड शॉवर, आणि पुसत बसण्यापेक्षा मोठा टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसून राहायचं. केस धुणं वेगळ्या दिवशी. एवढ्याने अंघोळीची भीती बऱ्याच जणांची जाते.

मग वहीतली दुसरी यादी काढा आणि त्यातलं *सगळ्यात सोपं* उचला. देऊळ दोनशे मीटरवर असेल तर पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, सोबत कोणीतरी, पंखा आणि पंप खिशात, बसायची जागा आधी हेरलेली. तीन-चार वेळा जमलं की सोबतीचा माणूस दहा पावलं मागे. मग एकट्याने. डायरेक्ट लग्नाच्या हॉलमध्ये नेऊन बसवू नका, तिथे गर्दी, अत्तरं, धूर आणि वर जिना.

तपासा : व्यायामानंतर दम दहा मिनिटांत मूळ जागी आला का? दुसऱ्या दिवशी पण गळून गेल्यासारखं वाटत असेल तर कालचं जास्त झालं, निम्मं करा, बंद करू नका.

## पायरी ६ : घरात काय बोलायचं, काय नाही

"तेव्हा सांगत होतो विडी सोडा." खरं असेल, पण हे ऐकलेला माणूस पुढचं लक्षण लपवतो. कफ हिरवा झालेला चार दिवस सांगत नाही, मग ॲडमिट व्हावं लागतं. विडी अजून चालू असेल तर ती सुटलीच पाहिजे, त्यासाठी औषधं आणि समुपदेशन मिळतं, टोमण्याने कोणाची सुटत नाही.

बायकांचं तर अजून वेगळं. आयुष्यभर चुलीपुढे बसल्या, विडीला हात लावला नाही, त्यामुळे यांना फुप्फुसाचा आजार असेल हेच कोणाच्या डोक्यात येत नाही, "काम टाळते" म्हणून मोकळे होतात. आणि एक गोष्ट त्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत : खोकताना लघवी सुटते. हळदी-कुंकू, प्रवास, देऊळ, सगळं त्यापायी बंद होतं आणि घरच्यांना वाटतं उदास झाल्यात. बाईमाणसाने एकांतात, सरळ विचारा. पॅड मिळतात, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, फरक पडतो.

खोकला ऐकून एसटीत शेजारचा उठून जातो, नातेवाईक कप वेगळा ठेवतात. सीओपीडी लागत नाही, हे पेशंटसमोर, नातेवाइकांना, घरातल्या कोणीतरी स्पष्ट सांगा. (टीबीची शंका असेल तर थुंकी तपासून मोकळे व्हा, अंदाज नको.)

कामाचं वाटप बसून करता येईल असं करा : भाजी निवडणं, बिलं भरणं, नातवाचा अभ्यास. फोडणी, धूप, उदबत्ती आणि फटाके यांपासून मात्र लांब.

## पायरी ७ : उदासी मोजा, अंदाज बांधू नका

थकवा, झोप नाही, भूक नाही ही लक्षणं आजाराने पण येतात, त्यावरून काही कळत नाही. दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश, आता काही होणार नाही असं वाटतंय का? दोन्हींना ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज). बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे नऊ प्रश्नांचं पीएचक्यू-९ भरून घ्या, त्यात १० किंवा जास्त आलं तर उपचाराचं बोलायचं.

"तुमच्यावर ओझं झालोय", "सुटलो तर बरं" असं बोलले तर विषय बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर एकटं ठेवू नका, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली मानस १४४१६ हा सरकारी फोन मोफत आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं.

औषधाबद्दल दोनच गोष्टी. उदासीच्या गोळ्या परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात, दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बंद करतानाही डॉक्टरांना विचारूनच. शेजाऱ्यांनी सांगितलेली, मेडिकलमधून आणलेली झोपेची किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी मात्र नको, तिने श्वासाची गती मंदावू शकते आणि कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या पेशंटला ते जिवावर बेतू शकतं. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना छातीची फाइल आणि ऑक्सिमीटरचे आकडे घेऊन जा. गोळीबरोबर समुपदेशन मिळालं तर घ्याच.

## पायरी ८ : आठ आठवड्यांनी वही परत उघडा

एमएमआरसीचा आकडा, इमर्जन्सी पफ, चालायची मिनिटं, ते दोन प्रश्न आणि टाळलेल्या कामांची यादी, पाच गोष्टी शेजारी शेजारी लिहा. फुप्फुसाची टेस्ट तेवढीच राहील, त्यावर नाराज होऊ नका, आपण ती बदलायला निघालोच नव्हतो. यादीतली दोन कामं परत आली तरी बरंच झालं.

मध्ये ॲडमिट व्हावं लागलं तर लोक सगळं सोडून देतात. घरी आल्यावर पायरी ३ पासून सुरू करा, मिनिटं आधीच्या निम्म्याने, आणि रिहॅब मिळत असेल तर डिस्चार्जनंतर महिनाभराच्या आत डॉक्टरांना विचारून गाठा. सगळ्यात जास्त ताकद याच काळात जाते. स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर त्या दिवसांतल्या चिडचिडीवरून घरात भांडू नका.

फ्रीजवर एक कागद लावा : डॉक्टरांचा नंबर, १०८, १४४१६, पेशंटचा ऑक्सिजनचा आकडा, इमर्जन्सी पंपाचे पफ आणि झटक्यात कोण बोलणार त्याचं नाव. तो माणूस बाहेरगावी गेला तर दुसरा कोण, ते पण.